‘येते’चा अर्थ

“येते गं आई,” म्हणत शर्वरी नागपूरला जायला बिनड्रायव्हरच्या गाडीत बसली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळून पुन्हा दारात आली.

“परत तेच!” शर्वरी वैतागली. सगळ्या गाड्यांचे सोयीचे रस्ते आखणारा हा प्रोग्राम सर्वांना खुला होता, कुणीही त्यात दुरुस्ती करावी. पण निघताना ‘येते’ म्हटलं, की तो घरी परतायचाच जवळचा रस्ता काढायचा.

तिने फोनवर दुरुस्ती लिहायला घेतली: ‘येते’ म्हणजे ‘जाते’.

“असलं अभद्र लिहू नकोस!” आई ओरडली. “येते म्हणजे येतेच. कधी, तेवढं विचारायला सांग त्याला.”

शर्वरीने हसत तसंच लिहिलं आणि म्हणाली, “येते गं.”

“कधी?” गाडीने विचारलं.

शर्वरी फोनमध्ये सुट्टीच्या तारखा चाळू लागली. उत्तर मिळाल्याशिवाय गाडी जागची हलेना, आणि दारातली आईही.