निवडणुकीचा शिरा

करोनात ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या राज्य सरकारने सीमा बंद केली आणि कामासाठी आयर्लंडला आलेले माझे जिजू गॉलवेत आमच्याकडेच अडकले. ताई तिकडे एकटी. "बिचारे!" इथले सगळे मराठी लोक हळहळायचे. जिजू रोज नाश्त्याला लॅपटॉपवर तिथल्या मुख्यमंत्र्यांची पत्रकार परिषद लावायचे आणि त्यांना मनसोक्त शिव्या घालायचे. मार्चच्या निवडणुकीत तेच सरकार प्रचंड बहुमताने परत आलं, त्या दिवशी मी साजूक तुपातला शिरा केला. मेहुणी आपलं दुःख हलकं करतेय असं वाटून जिजूंनी तो दोनदा मागून खाल्ला.

डिसेंबरात एका सकाळी ते लॅपटॉपसमोरून ओरडले, "निवेदिता, तारीख जाहीर झाली! फेब्रुवारीत सीमा उघडणार!"

"ग्रँड!" मी म्हणाले. हातातला कप मी ओट्यावर ठेवून दिला. कचरा टाकायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेले आणि ताईला फोन लावला.

"ताई, ते घर लवकर सोड. आणि नवा पत्ता मलासुद्धा सांगू नकोस."