समुद्रावरची सोय

आईची तिरडी खांद्यावर घेऊन आम्ही सुरूच्या बनातून खाली उतरलो, तेव्हा स्मशानातून मसाला लावलेल्या कोंबडीचा वास आला.

पत्र्याच्या शेडखाली आठ-दहा पर्यटक बसले होते. ज्या लोखंडी चौकटीत गेल्या वर्षी आम्ही बाबांना अग्नी दिला, तिच्यात यांनी कोळसे पेटवले होते आणि वर तंगड्या भाजत होत्या. काठावर कुणीतरी लिंबं चिरून ठेवली होती.

"लाज नाही वाटत? स्मशान आहे हे!" मी ओरडलो.

हाडूक चोखणारा एकजण दचकून उठला. त्याच्या मागची बाई तोंडावर हात धरून पाण्याकडे धावली आणि भडाभडा ओकली.

"आम्हाला काय माहीत हो?" तो कळवळून म्हणाला. "इथे साधी पाटीसुद्धा नाही. होमस्टेवाल्यांनीच काल जागा दाखवली. म्हणाले, समोर समुद्र, वर छप्पर, शेगडीसुद्धा तयार आहे."

"कुठला होमस्टेवाला?"

त्याने तेलकट बोट पुढे केलं. तिरडीच्या पुढे, उघड्या अंगाने, ओल्या धोतरात, विस्तवाचं मडकं घेऊन माझा थोरला भाऊ उभा होता.

"सीझन आहे रे," दादा खाली मान घालून पुटपुटला. "काल आई बरी होती. आजच जागा लागेल असं वाटलं नव्हतं."

आम्ही तिरडी वाळूवर टेकवली. मी पुढे झालो आणि त्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं.