डार्लीनचा शेवट

फेब्रुवारीतली फॅमिली डेची सुट्टी होती, बाहेर थंडी उणे तीस. डार्लीनने मुलगा क्लिंट आणि मुलगी जोलीन यांना जेवायला बोलावून आपला लाडका जुना सिनेमा लावला होता. दोघं लहान असताना ती दर हिवाळ्यात तो दाखवायची. त्यात एक शेतकरी बर्फाच्या वादळात अडकतो आणि त्याची बायको खिडकीत कंदील लावून बसते. कंदील लागला, की डार्लीन टीव्ही बंद करायची.

"संपला. मग तो येतो, दारात बूट झटकतो आणि विचारतो, सूप गरम आहे ना? चला, दात घासा."

खरं तर तो शेतकरी परत येतच नाही. पण एवढ्याशा पोरांना ते कशाला सांगायचं? आता मात्र क्लिंटची दाढी पिकायला लागली होती, जोलीनची स्वतःची पोरं शाळेत जात होती. आणि या नाताळात वॉल्टर, डार्लीनचा नवरा, गेला होता. आज शेवटपर्यंत बघायचं, असं तिने ठरवलं होतं.

पडद्यावर कंदील लागला. डार्लीन हात मांडीवर घट्ट धरून बसली. तेवढ्यात क्लिंटने उठून टीव्ही बंद केला.

"अरे, अजून राहिलाय थोडा."

"कुठे? संपला की."

"म्हणजे तुम्हाला खरा शेवट माहितीये?"

"बाबांनी लहानपणीच दाखवला होता. म्हणाले, आईला सांगू नका, तिला तिचाच शेवट आवडतो."

डार्लीन दाराकडे बघत राहिली.

"मग तो येतो," जोलीन हलकेच म्हणाली, "दारात बूट झटकतो आणि विचारतो..."

"गरम आहे," डार्लीन म्हणाली आणि सूप वाढायला उठली.