रविवारचा ओव्हन

रविवारी दिवसभर वीज स्वस्त, म्हणून इटलीतल्या अख्ख्या पेरुजा शहराची धुणी रविवारीच निघतात. म्हाताऱ्या ऑरेस्तेनेही वॉशिंग मशीन लावलं आणि सलग दुसऱ्या रविवारी त्याच्या घरची वीज गेली. तिथे मशीन आणि ओव्हन एकदम चालवले, की मीटर सरळ वीज तोडतो.

"पप्पा, ओव्हन चालू ठेवून विसरलात ना? आता वृद्धाश्रमच बघतो," मुलगा दाविदे म्हणाला.

"अरे, तुझी आई गेल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही! माझ्यावर नाही, तर मीटरवर तरी विश्वास ठेव."

दोघांनी घरातला एकूण एक प्लग काढला, दाराला कुलूप घातलं आणि ते जिन्याखाली मीटरपाशी आले. ऑरेस्तेने खटका वर केला. आकडा थेट दोन किलोवॉटवर चढला.

"मीटर बिघडलाय," दाविदे पुटपुटला.

चर्चमध्ये बाराचे टोल पडले, तसा आकडा शून्यावर आला. वर, कुलूपबंद घरात, ओव्हनचं दार करकरलं. मग टेबलावर ताटल्या मांडल्या गेल्या. एक, दोन, तीन.

"चल लवकर," ऑरेस्ते जिना चढत म्हणाला, "जेवण गार झालेलं तिला खपत नाही."