परवलीचा शब्द

“चुकीचा कोड,” दारावरचं कुलूप म्हणालं.

तिने पुन्हा आकडे दाबले. कोड तिने सकाळीच बदलला होता आणि बोटांना अजून जुनाच पाठ होता. कुलूप पुन्हा तेच म्हणालं. मग लाल दिवा लागला आणि त्याने तोंड मिटलं. आता मास्टर कोड मिळाल्याशिवाय ते कुणाचंही ऐकणार नव्हतं.

कचऱ्याची पिशवी ठेवायला ती नुसती उंबऱ्याबाहेर आली होती. मागे वाऱ्याने दार ओढलं गेलं. फोन आत, ओट्यावर चार्जिंगला. शेजारी गॅसवर दूध. आणि दीड वर्षाचा लेकही आत, ज्याला हल्ली लोंबणारी कुठलीही वस्तू खाली ओढायचा नाद लागला होता. चार्जरची वायर लोंबत होती. दुधाच्या भांड्याचा दांडा आपण भिंतीकडे वळवला होता का? काही केल्या आठवेना.

“चावीवाल्याला बोलावतो,” शेजारचे काका म्हणाले.

“याला चावीच नाहीये, काका.”

“मग हे कुलूप कसलं?”

बोटाच्या ठशानेही ते उघडलं असतं. पण फोटोवरून ठसे चोरतात असं कुठेतरी वाचलं, त्याच दिवशी तिने ती सोय बंद केली होती. दार लोखंडी, तेही तिनेच हट्टाने निवडलेलं. आतून दारावर चमचा आपटल्याचा आवाज आला. मग “आई?” इतकंच.

मास्टर कोड तिच्या फोनमध्ये होता आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या तिच्या आईला तोंडपाठ होता. तिनेच आईकडून तो घोटून घेतला होता. “कुणालाही सांगायचा नाही. आधी परवलीचा शब्द विचारायचा. मी असले तरी, आवाज माझा असला तरी. हल्ली आवाजही चोरतात.” हा शब्द ती दर महिन्याला बदलायची. “आणि तूच विसरलीस तर?” असं आईने विचारलं, तेव्हा ती फणकारली होती, “विसरायला मी म्हणजे तू नाहीये.”

काकांच्या फोनवरून तिने नंबर लावला.

“आई गं, मी बोलतेय. दार लागलंय, बाळ आत अडकलंय. मास्टर कोड सांग ना, प्लीज.”

पलीकडून आईचा आवाज आला, बँकेच्या खिडकीतून येतो तसा कोरडा. “परवलीचा शब्द?”

शब्द! तिने डोळे घट्ट मिटले. “छत्री.”

“तो जुना झाला.”

“मग... मुंगूस?”

“तो त्याच्याही आधीचा.”

“आई गं, नाही आठवत. माझी शहाणी आई ना तू? दुसरं काहीही विचार. आजोबा मला ढब्बू म्हणायचे. मी सायकलवरून पडले तेव्हा हनुवटीला टाके पडले होते.”

“ते सगळं तू फोटोंखाली लिहिलंयस. म्हणजे माझ्या मुलीने लिहिलंय. साऱ्या जगाला माहीत आहे.”

काकांनी फोन हातात घेतला. “अहो, मी शेजारी बोलतोय. खरंच तीच आहे.”

“मी तुम्हाला ओळखत नाही. ठग जोडीने काम करतात, असं माझी मुलगी सांगते.”

तिने फोन परत घेतला आणि दाराला टेकवला. आत लेक आता रडत होता.

“ऐकलंस?”

“रडणंही बनवता येतं. तिनेच मला दाखवलं होतं.” आईचा आवाज जरासा कापला, पण ती हटली नाही. पलीकडेच ती बाबांना म्हणाली, “अहो, तिच्या नंबरवर तुमच्या फोनवरून लावून बघा हो.”

“नको! बाबांना लावू देऊ नकोस!”

उशीर झाला होता. आत ओट्यावर तिचा फोन वाजू लागला. रडणं थांबलं. लेकाला त्या फोनचं गाणं फार आवडायचं. दारापासून दूर जाणारी इवली पावलं तिला ऐकू आली. स्वयंपाकघराकडे. वायरीकडे.

“आई!” ती किंचाळली. “तुला एक गोष्ट म्हणून सरळ कळत नाही! प्रत्येक वेळी शंभरदा सांगायचं आणि तू आपलं स्वतःचंच खरं करायचं! तो फोन बंद करायला सांग आणि कोड दे. डोकं नको खाऊस माझं!”

काका एक पायरी मागे सरकले.

“अहो, ठेवा फोन,” पलीकडे आई म्हणाली. आतलं गाणं तुटलं. मग आई एकेक आकडा सांगत गेली, सावकाश, स्पष्ट. ती दाबत गेली. हिरवा दिवा लागला.

लेक ओट्याखाली उभा होता. वायर त्याच्या मुठीत, ताणलेली. दांडा बाहेरच्या बाजूलाच होता. दूध उतू जाऊन गॅसवर करपलं होतं. तिने झडप घालून त्याला उचललं, गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसली. लेक तिच्या कानातल्याशी खेळू लागला.

काकांनी दारातून फोन पुढे केला. तो अजून चालूच होता.

“बाळ बरं आहे ना गं?” आई विचारत होती. “लागलं नाही ना कुठे?”

“नाही. ठीक आहे तो.” तिने नाक पुसलं. “आई, मी शब्द सांगितलाच नाही. मग कोड कसा दिलास? मीच आहे हे कशावरून कळलं?”

“तू ओरडलीस ना, तेव्हा कळलं,” आई म्हणाली. “आधी नुसतं ‘आई गं, प्लीज’, ‘माझी शहाणी आई’ चाललं होतं. माझ्याशी इतकं गोड तू कधी बोलतेस?”