वरचा बोल्ट

"जावईबापू, आधी वरचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालचा काढा," आयुष्यभर गॅरेजमध्ये राबलेले सासरे म्हणाले. "बाबा, व्हिडिओत सगळं असतं," असं बायकोदेखत त्यांचं बोलणं तोडून मी ऑइल आणायला गेलो.

परत येऊन अंगणातल्या जीपखाली शिरलो, खालचा बोल्ट काढून डिफरन्शियलमधलं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यातलं, जुनं ऑइल सगळं काढून टाकलं आणि मग माझी ट्यूब पेटली. नवं ऑइल भरायचं ते वरच्याच बोल्टच्या भोकातून, आणि तो तर दहा वर्षं गंजलेला! घाबरत पाना लावला, तर बोल्ट अलगद फिरला. "बघा, उगाच घाबरवत होतात!" मी खालूनच ओरडलो.



सासरे "वा!" म्हणून घराकडे वळले, त्यांच्या सदऱ्याची अख्खी पाठ मातीने भरली होती, आणि मला जीपखालून बाहेर यायचा धीर होईना.