करंगळीएवढी खिटी

भाऊ वर्षातून दोनदा येतो आणि आल्या आल्या मला काहीतरी शिकवतो. या वेळी त्याची नवी ऑटोमॅटिक गाडी होती. आत आपोआप चालणारे क्लच दोन, पण पाय ठेवायला पेडल एकाचंही नाही. आईला अंघोळ घालून, भरवून मी खाली आले, तर त्यानं मला घरासमोरच्या चढावरच स्टिअरिंगवर बसवलं. “चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ताई, क्लच जळतात. ब्रेकवर धरायची. पार्क करताना आधी हँडब्रेक ओढ, मग पार्किंगचा गिअर टाक. नाहीतर सगळ्या गाडीचा भार आतल्या करंगळीएवढ्या खिटीवर येतो.” “मग तुटते?” “लगेच कुठली? वर्षानुवर्षं धरून ठेवते बिचारी.” वरून आईनं हाक मारली, अर्थात मलाच. “या खेपेला महिनाभर आईला तुझ्याकडे ने,” मी म्हणाले. “अगं, पण तुला जमतंय की सगळं.” मी हँडब्रेक ओढला. “खिटीलाही जमतं.”